दुसरी ओळ राहिली

९ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. आठ ओळी. त्यातल्या सहा तुझ्या म्हातारीच्या तब्येतीच्या. जिच्या घरी राहून तू तिचं हगणंमुतणं काढतेस ती तुला आता सख्ख्या आईसारखी वाटायला लागलेली दिसते. उरलेल्या दोन ओळींत तू मला कळवतेस की परीक्षा झाली की ठकीला घेऊन जाणार. विचारत नाहीस, कळवतेस! अडीच वर्षांपूर्वी एका हातात पिशवी आणि एका हातात पोर धरून माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी होतीस, तेव्हा ‘ताई, चार महिने सांभाळ’ म्हणाली होतीस. साडेसहा वर्षांची होती ती. नाक पुसायची अक्कल नव्हती. आता नऊची झाली, स्वतःची वेणी स्वतः घालते, गिऱ्हाइकाला ‘बसा’ म्हणते, तेव्हा तुला आईपणाचा उमाळा आला. वा गं वा.

असो. लिहायचं होतं ते वेगळंच. तुझ्या लेकीने नवीन नाटक सुरू केलंय. मागच्या महिन्यात तिला ताप येऊन गेला, तो उतरला. आता म्हणे फळ्यावरचं नीट दिसत नाही, डोळा फिरवला की आतून दुखतो. तिच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. चष्म्याच्या दुकानवालीच्या घरातल्या पोरीला दिसत नाही, म्हणजे लोक माझ्याच तोंडात शेण घालणार की नाही? दुकान उघडायच्या आधी तिला खुर्चीत बसवलं, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि म्हटलं, वाच तक्ता. वरच्या मोठ्या अक्षरापासून पार खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. दोन्ही डोळ्यांनी. ती खालची ओळ मला चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही. फळा दिसत नाही आणि मुंगीएवढी अक्षरं दिसतात! काय समजते काय ही मला?

काल चित्रात सफरचंद मातकट रंगवून आणलं. म्हणे लाल खडू मळलाय. खडू बघितला मी, लालभडक आहे. एक ठेवून दिली. तुझं पत्र आलं तेव्हा ते तिनेच आधी फोडलं होतं. आईकडे जायचं कळल्याबरोबर हिचे डोळे बिघडले, यातलं मला काही कळत नाही असं समजू नकोस. लाड हवेत, दुसरं काही नाही.

परीक्षेनंतरचं परीक्षेनंतर बघू. मी हो म्हटलेलं नाही.

ताई

१७ जानेवारी

धाकटे,

हे पत्र बसून वाच.

ठकीला दिसत नाही. नाटक नव्हतं. शुक्रवारी शाळेतून आली ती दुकानाच्या काचेच्या दारावर थाडकन आदळली. कपाळाला टेंगूळ. मी ओरडले, ‘डोळे काय पाठीला लावलेत?’ ती आत आली, पाण्याचा ग्लास घेतला आणि ग्लासाशेजारी टेबलावर पाणी ओतलं. ओततच राहिली. मग विचारलं, ‘मावशी, लाइट गेले का?’ बाहेर टळटळीत ऊन होतं गं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं. तिथली डॉक्टरीण कोवळी आहे, माझ्या चष्म्यांच्या पेटीइतकंही तिचं वय नसेल. तिने छोटी बॅटरी या डोळ्यावर मारली, मग त्या डोळ्यावर. उजेड पडला की डोळ्यातली बाहुली आकसते, एवढं मलाही ठाऊक आहे. हिची आळशासारखी तशीच. मग आत भिंग लावून बघितलं आणि म्हणाली, ‘डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यामागून मेंदूकडे जाणारी नस सुजलीय. दोन्ही बाजूंची.’ मुलांना ताप येऊन गेल्यावर कधीकधी होतं म्हणे असं. फिरवताना दुखणं, लाल रंग मळका दिसणं, सगळी त्याचीच लक्षणं.

‘परत दिसेल?’ मी विचारलं.

‘बहुतेक मुलांना दिसतं. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत. पण हमी मी देत नाही.’ मग म्हणाली, ‘किती दिवस झाले?’

मी म्हटलं, परवापासून. ठकी खुर्चीतून म्हणाली, ‘दहा दिवस.’

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘तुमचं दुकान आहे ना चष्म्याचं? तपासलं नाहीत?’

तपासलं की! सगळा तक्ता वाचला तिने. मग ती बया ठकीसमोर उकिडवी बसली आणि विचारते, ‘तुला तक्ता दिसला होता का गं?’

‘नाही. पाठ आहे.’

‘मग मावशीला सांगितलं का नाहीस?’

‘तिने पाठ आहे का विचारलं नाही. वाच म्हणाली.’

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. अगं, अक्षरं शिकली कशावर ती? त्या तक्त्याखाली बिस्किटं खात बसायची दिवसभर. गिऱ्हाईक आलं की मीच म्हणायचे, बघा, आमची पोर शेवटची ओळ वाचते, आणि ती पाढे म्हटल्यासारखी म्हणून दाखवायची. गिऱ्हाईक खूश, मी खूश. कुठलंही पोर तक्ता वाचताना अडखळतं, डोळे बारीक करतं. बावीस वर्षं लोकांना त्या खुर्चीत बसवतेय मी. माझ्या ध्यानात यायला नको होतं?

पण एक सांगते, तुला बोलायला तोंड नाही. मी चुकले तरी मी तिथे होते. तू कुठे होतीस?

सलाइनमधून औषध सुरू केलंय, पाच दिवस. डोक्याचा फोटोही काढला, मेंदूत काही नाही. उगाच धावत येऊ नकोस. तुझ्या येण्याने नसेची सूज उतरणार नाही.

ताई

२८ जानेवारी

धाकटे,

तू दुकानात तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा ठकी झोपलेली होती. आजारी पोर झोपते, त्यात माझ्यावर किंचाळण्यासारखं काय आहे? समोर गिऱ्हाईक चष्मा लावून आरशात बघत होतं आणि तू फोनमध्ये गळा काढलेला. त्याला वाटलं किंमत ऐकून कोणी रडतंय.

पाच तारखेला येते म्हणतेस. येऊ नकोस.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, या औषधाने पोरीची ताकद कमी होते, बाहेरगावाहून आलेलं माणूस जवळ नको. त्यातून तू म्हाताऱ्या माणसांत वावरणारी. काय काय घेऊन येशील अंगावर. आणि रडारड तर मुळीच नको म्हणाल्या. तू दारातूनच सुरू करशील, मला माहीत आहेस तू.

आणि ठकीचंच म्हणशील, तर मी विचारलं तिला. आईला बोलवू का? भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, नको. दोनदा विचारलं. नको म्हणजे नको. आणखीही बरंच बोलली, ते मी कागदावर घालत नाही. पोर रागावलीय, धाकटे. का रागावलीय ते मला विचारू नकोस, आरशाला विचार.

पत्रं पाठवायची तर पाठव. वाचून दाखवीन.

ताई

१६ फेब्रुवारी

धाकटे,

सलाइनचे पाच दिवस झाले तेव्हाच घरी आणलं. आता गोळ्या, दर आठवड्याला एकेक कमी करायची. गोळ्यांनी तोंड असं सुजलंय की गालांत नाक शोधावं लागतं. आणि भूक! सकाळी उठल्यापासून ‘मावशी, खायला.’ मी म्हटलं, अगं, तुला दिसत नाही म्हणून तुझ्या ताटातलं मी काढून घेते असं वाटतं की काय? तर हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

खिडकी कुठे आहे ते कळतं तिला. माझा हात हलला तर सावली हलते म्हणते. बाकी काही नाही.

दुकानात सोबत घेऊन जाते. कोपऱ्यात बसवते, मांडीवर चष्म्याच्या दांड्यांचा ढीग देते. हाताने चाचपून तारेच्या वेगळ्या, प्लॅस्टिकच्या वेगळ्या करते, डावी-उजवी एकदाही चुकत नाही. गिऱ्हाइकं आवाजावरून ओळखते. एका बाईला म्हणाली, ‘मावशी, खडीसाखर आली.’ त्या बाई फार गोड बोलतात ना! मला हसू आवरेना, बाईंना कळेना.

मी तिला न्हाऊ घालते, केस पुसते, घास भरवते. घास तिला स्वतःला घेता येतो आता, पण मी भरवते. पूर्वी जवळ घ्यायला गेलं की सुळकन निसटायची. आता रस्त्यात माझं बोट सोडत नाही. रागावत नाही मी तिच्यावर. कशावर रागावू? खरं सांगू का, वाईट वाटून घेऊ नकोस, पण गेल्या अडीच वर्षांत आमचं इतकं चांगलं कधी चाललं नव्हतं.

तुझी पत्रं येतात. वाचून दाखवते. ती मुकाट्याने ऐकते. परवा वाचून झाल्यावर विचारलं, ‘संपलं?’ मी म्हटलं, संपलं. म्हणाली, ‘आई आता थोडंच लिहिते.’ बघ, पोरीला सगळं कळतं.

ताई

९ मार्च

धाकटे,

आज डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. गोळ्या बंद झाल्या, तोंडाची सूज उतरली, पुन्हा माणसासारखी दिसायला लागली आहे.

पण काहीतरी विचित्र आहे. बाईंनी बॅटरी मारली, बाहुली चटकन आकसली. आत बघितलं, नसेची सूज गेलेली. डोक्याला तारा लावून कसला तरी आलेख काढला, तोही म्हणे चांगला. ‘या हिशेबाने हिला वाचता यायला हवं,’ त्या म्हणाल्या. आणि ठकी खुर्चीत बसून म्हणते, धूसर. समोर बोटं धरली, किती? माहीत नाही. तीन महिन्यांची पोर लाल फुग्याकडे बघते तसं टक लावून बघितलं आणि म्हणाली, माहीत नाही.

मला बाहेर बोलावून बाईंनी विचारलं, ‘घरी काही ताण आहे का हिला? आईवडील?’ मी म्हटलं, आई बाहेरगावी असते, वडील कधीचेच परागंदा, मीच आहे. त्या म्हणाल्या, ‘कधीकधी मुलांना दिसत असतं, पण...’ आणि पुढचं बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. एकदा ‘नाटक’ म्हणून माझं तोंड पोळलंय. तो शब्द पुन्हा काढायची माझी छाती नाही. घरी येताना रस्त्यात खड्डा होता, तो तिने टाळला. मी बघितलं आणि मनात म्हटलं, पायाला कळलं असेल.

तू विचारतेस, ती पत्रं ऐकून काय म्हणते. काही म्हणत नाही. तू विचारतेस, माझ्यावर अजून राग आहे का. आहे. तू विचारतेस, आता तरी येऊ का. अगं, किती वेळा सांगू? नीट दिसायला लागू दे. तोवर तिला इथली सवय आहे, भिंती माहीत आहेत, माझा आवाज माहीत आहे. शाळेचं वर्ष तसंही गेलंच. तेव्हा परीक्षेनंतर नेण्याची भाषाही आता सोड. आंधळ्या पोरीला तुझ्या त्या म्हातारीच्या घरात कुठे ठेवणार आहेस, कपाटात?

ताई

२१ मार्च

धाकटे,

या पत्रात खाडाखोड दिसली तर ती माझ्या मर्जीने झालेली नाही. ठकी शेजारच्या स्टुलावर बसली आहे. मी लिहिते ती ओळ वाचते. पटली नाही की त्यावर बोट ठेवते, आणि मग मला खोडून पुन्हा लिहावं लागतं. आतापर्यंत दोन कागद फाडून झालेत.

तिला दिसतं. चांगलं दिसतं. लाल अजून थोडा विटका वाटतो म्हणते, बाकी सगळं. या पानावरची अक्षरं दिसतात.

मंगळवारी तुझं पत्र आलं. मी नेहमीसारखी बसले आणि वाचायला लागले. ‘प्रिय ठके, तुझी तब्येत बरी असेल. मला कामातून अजिबात सवड नाही. मावशीचं ऐक.’ ती माझ्या खांद्याशी उभी होती. हातातल्या दांड्या चाचपता चाचपता, पत्रावरची नजर न काढता म्हणाली,

‘मावशी, दुसरी ओळ राहिली.’

मी म्हटलं, कुठली दुसरी ओळ?

‘येऊ का? “ये” एवढंच मावशीला सांग, मी त्याच दिवशी निघते. ती.’ मग म्हणाली, ‘आणि सवड नाही असं कुठेच लिहिलेलं नाही.’

मी पत्राची घडी केली. विचारलं, कधीपासून दिसतंय तुला? तर म्हणाली, तीन आठवडे झाले. मी तिची वेणी घालत होते तेव्हा आरशात पहिल्यांदा माझं तोंड नीट दिसलं. मग सांगितलं का नाहीस गं? तर म्हणते, ‘दिसायला लागलं की तू परत पहिल्यासारखी होशील.’

 

पत्रं तिला दुकानात सापडली. काचांच्या पेटीखालच्या खणात ठेवली होती मी. गिऱ्हाइकाशी बोलत होते तेव्हा एकेक काढून वाचली. नऊ. आणि तरी त्यानंतर दर वेळी माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडून, मी काय वाचते ते ऐकत राहिली. मला हे सुचलं नसतं. हे तिने कोणाकडून उचललं ते मला कळलंय, कोणी सांगायला नको.

आता ती म्हणते, सगळं लिही. लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी तुला येऊ देऊ नका असं कधीच सांगितलं नाही. उलट पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आई कुठे आहे, बोलवा. ताकद कमी असते, गर्दी टाळा, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तुझे फोन आले तेव्हा ठकी दोनदा जागी होती. एकदा तर माझ्या शेजारीच होती आणि ‘आई आहे का?’ विचारत होती. मी फोनवर हात ठेवला आणि तिला म्हटलं, नाही, कंपनीचा माणूस आहे. तुला बोलवू का हे मी तिला कधी विचारलंच नाही. ती ‘नको’ म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड केलं नाही. तिने रोज विचारलं, आई कधी येणार, आणि मी रोज सांगितलं की तिला सवड नाही. हॉस्पिटलातल्या पाच दिवसांत सुई टोचताना ती तुला हाक मारायची. नर्स मला म्हणाली, ‘आई येतेय का?’ मी म्हटलं, मीच आहे.

जानेवारीत मी तिला एकच मारली असं लिहिलं होतं. (इथे बोट ठेवलंय.) चार मारल्या. पट्टीने. सफरचंदासाठी.

का केलं ते लिहिते, तेवढं तरी लिहू दे म्हटलं तिला. मला तिला द्यायचं नव्हतं. बस. तुझ्या पत्रातल्या त्या दोन ओळी वाचल्या त्याच दिवशी मी ठरवलं होतं की तू तिला नेणार नाहीस, कसं ते माहीत नव्हतं. मग तिचे डोळे गेले. आणि मला, सांगायलाही लाज वाटते, पण पहिल्या आठवड्याची भीती सरल्यावर मला बरं वाटायला लागलं. डॉक्टरीणबाई ‘सुधारेल’ म्हणाल्या की मी विषय बदलायचे. ती चाचपडत माझ्याकडे यायची ना, तसं माझ्याकडे कोणी कधी आलं नाही. तू तर नाहीच.

तुला शिव्या घालायच्या तर घाल. पत्राने नको, तोंडावर घाल.

तिचं वर्ष गेलं. पुढचं वर्ष तुझ्याकडच्या शाळेत घाल. डोळ्यांचे कागद मी वेगळे बांधून ठेवलेत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि मध्ये कधी डोळा दुखतो म्हणाली किंवा रंग फिका वाटतो म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, तक्ता वाचून घ्यायचा नाही. घेऊन जा तिला. ही ओळ तिने सांगितलेली नाही, माझी मीच लिहिली. लिहून पेन उचललं आणि थांबले. तिने वाचली. बोट ठेवलं नाही.

आता पेन तिला हवंय.

ताई

आई,

मी ठकी. मावशीने लिहिलेलं सगळं मी वाचलं, ते बरोबर आहे. तुझी नऊ पत्रं मी दोन दोनदा वाचली. एका पत्रात तू लिहिलंस की तुला माझी इतकी आठवण येते की जेवण जात नाही. एकात लिहिलंस की बॅग भरून ठेवलीय.

मला दिसत नव्हतं तेव्हा मी रोज दाराशी कोणी आलं की वास घेऊन बघायची, तू आहेस का. मावशी खोटं बोलत होती ते मला माहीत नव्हतं. पण तू मोठी आहेस आणि तू तिची बहीण आहेस. तुला माहीत असायला पाहिजे होतं.

मावशी आता स्वयंपाकघरात आहे. तिला रडू येतंय, पण मी तिला जवळ घेतलं नाही.

तू आलीस तर मी तुझ्याबरोबर येईन, कारण मला इथे राहायचं नाही. पण एक विचारायचंय, ते आल्यावर सांग, पत्रात नको. मावशीने येऊ नकोस लिहिलं आणि तू आली नाहीस. तुझे डोळे गेले असते आणि मला कोणी येऊ नकोस लिहिलं असतं, तरी मी आले असते.